धाकट्याच्या 'बघू'पुढे आम्ही किती वर्षं थांबायचं?

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील गाळून):

मी पुण्यात नोकरी करतो, वय ५४. रत्नागिरी जिल्ह्यात आमचं वडिलोपार्जित कौलारू घर आहे, पुढे खळं, मागे परडं. आम्ही तीन भाऊ, एक बहीण. वडील २०११ साली गेले. जाण्याआधी चौघांना जवळ बसवून म्हणाले होते, "चौघांचं एकमत झाल्याशिवाय या घराला हात लावायचा नाही." घरात धाकटा भाऊ आणि त्याची बायको राहतात. आम्ही बाकीचे, मुलंबाळं धरून चौदा जण, पाच दिवसांच्या गणपतीला जातो. गेल्या पावसाळ्यात मागच्या पडवीचे वासे खचले. माझं आणि मोठ्या भावाचं म्हणणं, कौलं उतरवून पत्रे घालावेत, दोन खोल्या नीट करून पर्यटकांना द्याव्यात. नाहीतर गिऱ्हाईक आहे तोवर विकून मोकळं व्हावं. धाकटा कशालाच हो म्हणत नाही. आधी 'गणपती होऊ देत', मग 'दिवाळीनंतर बोलू', मग नुसतं 'बघू'. व्हॉट्सॲपवर विचारलं की निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. शिमग्याला समोरासमोर विचारलं तर म्हणाला, "मी आहे तोवर नाही." ताईचा प्रश्न नाही, ती आमच्याच बाजूची आहे. २०१४ मध्ये त्यालाच होमस्टे काढायचा होता, तेव्हा घर गहाण टाकून कर्ज नको म्हणून मी सही केली नव्हती. पण ती गोष्ट वेगळी. युनोत पाच देश सगळ्या जगाला अडवतात, तसं आमच्या घरात चाललंय. व्हेटो कुणालाच असू नये, या मताला मी आलो आहे. तिघांनी मिळून कोर्टात जावं का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सर्वांत ठाम वाक्य शेवटाकडे आहे: व्हेटो कुणालाच असू नये. त्यावरच आधी बोलू या. बाकीचं सगळं तुम्ही त्या वाक्यातून पाहताय, आणि मला ते वाक्य अर्धंच खरं वाटतं.

तुम्ही युनोचं नाव घेतलंत, तर गोव्याचंच उदाहरण घेऊ. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि पोर्तुगालनं सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव मांडला की युद्ध ताबडतोब थांबवा आणि भारतानं फौजा मागे घ्याव्यात. परिषदेत तेव्हा अकरा सभासद होते. ठरावाच्या बाजूनं सात मतं पडली, विरोधात चार. ठराव मंजूर व्हायला सातच लागत. नुसती डोकी मोजली असती तर ठराव मंजूर होता. पण त्या चारांत सोव्हिएत युनियन होतं, त्याचं 'नाही' म्हणजे व्हेटो, आणि तेवढ्यावर ठराव पडला. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि तो दिवस आपण आजही साजरा करतो. सोव्हिएत युनियननं हे गोव्याच्या प्रेमापोटी केलं नव्हतं, शीतयुद्धातला हिशेब होता. पुढे सीरियात सीमेपलीकडून मदत पोचवण्याचे ठरावही याच अधिकारानं अडवले गेले, ज्यांची माणसं उपाशी होती त्यांना त्यात काही कौतुक वाटणार नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की बहुमत आपल्या विरोधात असतं तेव्हा एका 'नाही'ची किंमत कळते. तुमच्या घरात आज बहुमत तुमच्याकडे आहे, म्हणून ते 'नाही' तुम्हाला नुसतं अडेलतट्टूपणाचं दिसतंय.

आता तुमची बाजू. तुमचा वैताग खोटा नाही. एकाच्या 'नाही'ला काही मर्यादाच नसली तर काय होतं, याचा सगळ्यांत करुण दाखला पोलंडचा आहे. तिथल्या संसदेत, सेयममध्ये, कोणताही एक सभासद उभा राहून 'मी हे होऊ देत नाही' म्हणाला की चालू बैठक मोडत असे, आणि त्या बैठकीत तोवर झालेले सगळे निर्णयही बाद होत. १६५२ मध्ये एकानं हा अधिकार पहिल्यांदा असा टोकाला नेला. राजा तिसऱ्या ऑगस्टसच्या जवळजवळ तीस वर्षांच्या कारकिर्दीत एकच सेयम, १७३६ची, काही कायदे करून उठली, बाकीच्या मोडल्या. शेजारच्या राजांना दर वेळी फौज पाठवायची गरज उरली नाही, एखाद्या सभासदाच्या हातावर पैसे ठेवले की काम होई. १७९१च्या राज्यघटनेनं हा अधिकार काढून टाकला, पण फार उशीर झाला होता. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून गेला तो १९१८ पर्यंत. सगळ्यांचं एकमत हवं, हा विचार मुळात वाईट नव्हता, कुणावर जबरदस्ती होऊ नये म्हणूनच तो आला होता. पण 'नाही' म्हणणाऱ्यानं कारण द्यायला नको, पुढचा मार्ग सांगायला नको, आणि त्या 'नाही'ची मुदत कधी संपायचीही नाही, असं झाल्यावर तिथे घर काय आणि देश काय, छप्पर खचणारच.

म्हणून माझं सांगणं असं आहे: भावाचा 'नाही' म्हणण्याचा अधिकार काढून घेऊ नका. त्याला कारण जोडा, तारीख जोडा आणि 'मग काय करायचं' हे जोडा. हे कसं, ते सांगते. पण त्याआधी तुमच्या पत्रातली तीन गृहीतकं मला तुमच्यासमोर ठेवायची आहेत.

पहिलं म्हणजे, भावाकडे व्हेटो आहे असं तुम्ही धरून चाललात. कायद्यानं तो नाही. वडिलांनी तोंडी सांगितलेली इच्छा म्हणजे मृत्युपत्र नव्हे. मृत्युपत्र लेखी लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं लागतं. सामाईक मिळकतीतला कुठलाही हिस्सेदार वाटणी मागू शकतो, त्याला कुणी कायमचं अडवू शकत नाही. तेव्हा भावाला ही ताकद कायद्यानं दिलेली नाही. वडिलांच्या शब्दाला मान देऊन तुम्ही चौघांनी ती एकमेकांना दिली, आणि इतकी वर्षं पाळली. ही मला लाजेची गोष्ट वाटत नाही, उलट अभिमानाची वाटते. फक्त वडिलांनी हे का सांगितलं असेल, याचा एकदा शांतपणे विचार करा. तिघं बाहेर गेलेले, एक गावात राहिलेला. बाहेरच्या तिघांची मतं एका बाजूला पडणार हे त्यांना तेव्हाच दिसलं नसेल का?

दुसरं, २०१४. तुम्ही लिहिता, "पण ती गोष्ट वेगळी." वेगळी कशी? भाऊ एक योजना घेऊन आला होता, त्यासाठी तुमची सही लागत होती, तुम्ही दिली नाहीत, योजना मेली. हा व्हेटोच होता. कर्जाची भीती रास्त होती, मी ती चूक म्हणत नाही. पण आज तुम्ही जी योजना मांडताय, दोन खोल्या नीट करून पर्यटकांना देण्याची, ती थोड्याफार फरकानं त्याचीच आहे. २०१४ मध्ये ती त्याच्या तोंडून आली तेव्हा धोक्याची होती, आज पुण्याहून आली तेव्हा शहाणपणाची झाली. त्याच्या जागी बसून हे ऐकून पाहा. त्याच्या 'बघू'मध्ये छपरापेक्षा हे जास्त असावं असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं.

तिसरं गृहीतक मला सर्वांत जास्त खटकलं. "ताईचा प्रश्न नाही." ताईला विचारलंत का? पत्रात तिचं एकही वाक्य नाही, तिचं मत तुम्ही तुमच्या खात्यात जमा करून टाकलंय. तिनं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र दिलं नसेल, तर तिचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा खटल्यातला निकाल, यांनंतर मुलगी जन्मानंच हिस्सेदार आहे, याबद्दल शंका राहिलेली नाही. आपल्याकडे बहिणीचं मत विचारायचं नसतं, तिची सही तेवढी आणायची असते, हे किती घरांत चालतं ते माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतून मी पाहते. तुम्ही तसे नसाल. पण मग तिला फोन करा, आणि "आम्ही असं ठरवलंय, तुझी हरकत नाही ना?" असं न विचारता "तुला काय वाटतं?" असं विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात.

आणि एक माणूस तर मोजणीतच नाही. तुमची धाकटी भावजय. पाच दिवसांचा गणपती, चौदा माणसं. त्याआधी आठ दिवस चौदा जणांच्या आंथरुणपांघरुणाला ऊन कोण देतं? देवाची पितळी भांडी चिंच लावून कोण घासतं? मागची पडवी गळते तेव्हा मध्यरात्री उठून पागोळीखाली टोप कोण सरकवतं? उद्या पर्यटक आले तर सकाळी सहाला त्यांचा चहा, चादरी, न्हाणीघर, सगळं तिच्याच अंगावर पडणार. सातबाऱ्यावर तिचं नाव नसेल, पण या एका प्रश्नात तिच्या 'नाही'चं वजन मी तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त धरेन. कदाचित तुमच्या भावाचं 'नाही' हे तिचंच असेल, आणि ती मोठ्या दिरासमोर बोलत नसेल म्हणून तो बोलत असेल.

आता 'बघू'कडे येऊ. सरळ 'नाही' म्हणणाऱ्याशी भांडता येतं, 'बघू' म्हणणाऱ्याशी काय बोलणार? राज्यकारभारातही हाच प्रकार सगळ्यांत अवघड ठरला आहे. संसदेनं मंजूर केलेलं विधेयक राष्ट्रपतींकडे जातं तेव्हा घटनेच्या अनुच्छेद १११ प्रमाणे ते सही करू शकतात, सही नाकारू शकतात, किंवा धनविधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं तर मात्र सही करावीच लागते. डॉ. अब्दुल कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचं विधेयक परत पाठवलं, आपला आक्षेप कळवला. संसदेनं ते तसंच पुन्हा मंजूर केलं आणि कलामांनी सही केली. त्यांना जे म्हणायचं होतं ते नोंदलं गेलं, देशानं त्यावर चर्चा केली, आणि कामही अडलं नाही. उलट ग्यानी झैलसिंगांनी १९८६च्या टपाल विधेयकावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. सरकारला लोकांची पत्रं उघडायची मुभा देणारं ते विधेयक कायदा झालं नाही हे चांगलंच झालं, असं मला मनापासून वाटतं. पण ज्या मौनानं वाईट कायदा थांबतो त्याच मौनानं चांगला निर्णयही थांबतो. आपल्या राज्यातही विधान परिषदेच्या बारा राज्यपालनियुक्त जागांची यादी २०२० च्या नोव्हेंबरात राजभवनावर गेली. ठरावीक वाजवी वेळेत निर्णय व्हायला हवा, असं उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं. तरी पुढे सरकार बदलेपर्यंत होकारही आला नाही आणि नकारही.

अशा मौनावर इलाज एकच: गप्प राहिलं तर ते कुणाच्या बाजूनं मोजायचं, हे आधीच ठरवून टाकायचं. उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान तुम्हाला ठाऊक असेल. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारून भागत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मतं पडावी लागतात. म्हणजे जी बाई घरी राहिली, भीतीनं असो की शेताच्या कामानं, तिचं मौन दुकानदाराच्या पारड्यात जातं. म्हणून तर या मोहिमांत बायका पहाटेपासून घरोघर फिरून एकेकीला केंद्रावर आणतात. सुरक्षा परिषदेत नेमकं उलटं आहे: कायम सदस्य गैरहजर राहिला किंवा तटस्थ राहिला तर तो व्हेटो धरत नाहीत. १९५० मध्ये सोव्हिएत युनियननं बहिष्कार टाकला होता, आणि तेवढ्या काळात कोरियाचे ठराव मंजूर होऊन गेले. तुमच्या घरात आजवर धाकट्याचं मौन 'नाही' म्हणून मोजलं जातंय, आणि ताईचं मौन 'हो' म्हणून. हा नियम कुणी केला? कुणीच नाही, तो आपोआप पडला. तो बदलायचा तर चौघांनी मिळून, उघडपणे बदला.

कसा, ते आता नेमकं सांगते.

तुम्ही एका दमात तीन वेगळे प्रश्न विचारताय: दुरुस्ती, पर्यटक, विक्री. भावाला त्यात एकच ऐकू येतं, 'घर जाणार'. म्हणून तो तिन्हींना एकच उत्तर देतो. हे प्रश्न वेगळे करा आणि प्रत्येकाला 'नाही' म्हणण्याची ताकद वेगळी ठेवा. डागडुजीला कुणाचाच व्हेटो नको. पर्यटकांचं, जे घरात राहतात त्या दोघांच्या होकाराशिवाय पुढे न्यायचं नाही, मग तुम्ही तिघं एकीकडे असलात तरी. विक्रीला चौघांचं एकमत हवंच, वडिलांचा शब्द तिथे पूर्ण पाळा. मात्र विक्रीला 'नाही' म्हणणाऱ्यानं दुसरं काहीतरी मांडायचं: तुमचे हिस्से हप्त्यानं घेणं, परडं आणि घर यांची वाटणी, की दरवर्षी देखभालीची ठरावीक जबाबदारी. त्याला सुचत नसेल तर चौघांनी मिळून सुचवायचं.

मग 'नाही' आणि 'हो' यांच्या मध्ये तिसरी जागा तयार करा. "मला हे पटत नाही, पण मी अडवणार नाही." आपल्या घरांत ही जागाच नसते. माणूस एकतर मान डोलावतो आणि मनात राग धरतो, नाहीतर उठून निघून जातो. तटस्थ राहायची सोय असली की कित्येक 'नाही' तिथेच येऊन थांबतात, कारण त्या माणसाला निर्णय थांबवायचा नसतोच, आपला आक्षेप ऐकला गेला एवढंच हवं असतं.

आणि 'नाही' म्हटलं की ठरावीक दिवसांत बसून बोलायचं. २०२२ मध्ये युनोच्या आमसभेनं असाच नियम केला: सुरक्षा परिषदेत कुणी व्हेटो वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभा बसणार आणि त्यावर चर्चा होणार. व्हेटो त्यामुळे रद्द होत नाही, पण वापरणाऱ्याला सगळ्या जगासमोर कारण द्यायची वेळ येते. तुमच्याकडे व्हिडिओ कॉल आहे, महिन्यातला एखादा रविवार ठरवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असले प्रश्न टाकणं मात्र आजपासून बंद करा. चौदा जणांसमोर, भाचेपुतण्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला तो मोकळं उत्तर देणार नाही, मीही दिलं नसतं.

एकमतानं निर्णय होतच नाहीत, असं कुणी म्हणालं तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव डोळ्यांसमोर आणा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं हे गोंड आदिवासींचं गाव ग्रामसभेत बहुमतानं निर्णय करत नाही, सर्वसहमतीनं करतं. म्हणजे गावातल्या प्रत्येकाकडे व्हेटो. तरी ते गाव अडून बसलेलं नाही. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. त्यामागची मेहनत मला फार मोलाची वाटते: निर्णयाच्या बैठकीआधी त्यांचा अभ्यासगट बसतो, तिथे विषय नीट समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला विचारतात, आणि एकाला जरी पटलं नाही तरी निर्णय पुढे ढकलून पुन्हा बोलतात. पुढे ढकलणं तिथेही आहे. पण त्यांचं 'बघू' म्हणजे खरोखर बसून पाहणं. तुम्ही चौघांनी निर्णयाची बैठक घेण्याआधी नुसती माहितीची बैठक घ्या. सुताराला बोलावून वासे, रिपा, कोने दाखवा. वाळवी कुठवर गेली, जुनी कौलं शाकारून भागेल की पत्रेच लागतील, दोन्हींचा खर्च किती, हे त्याच्याकडून लिहून घ्या. हे काम धाकट्यावर सोपवा आणि पैसे तुम्ही द्या. पत्र्याखाली वैशाखात राहायचंय त्याला, तुम्हाला नाही; कौलं उतरवायला त्याचा विरोध असेल तर त्याला हे सांगायची जागा मिळायला हवी.

तुमच्यासारखी पत्रं मला सोसायट्यांतून फार येतात, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. पुनर्विकासासाठी राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या आदेशाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते, आणि थोड्या सभासदांनी बहुसंख्यांचा प्रकल्प अडवून धरू नये, असं उच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या आजोबांकडे व्हेटो नाही. पण ५१ टक्के झाले म्हणून त्यांच्या दारावरची बेल वाजवायचं सोडू नका. वाढीव चटईक्षेत्र त्यांना नकोच असतं बहुतेकदा. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढून परत येईन का, ही भीती असते, आणि भाड्याचे धनादेश आगाऊ, जवळच आणि लिफ्ट असलेलं घर, एवढ्यावर ती बरीच कमी होते.

आणि ज्या आईवडिलांनी मुलीच्या लग्नाला 'आमचा नकार' असं लिहून मला सल्ला विचारला आहे, त्यांना मी हे सांगेन की इथे तुमचं मत आहे, व्हेटो नाही. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराच्या किंवा समाजाच्या संमतीची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. सामाईक घराच्या छपराबद्दल चौघांना 'नाही' म्हणता येतं. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल म्हणता येत नाही. स्वतःच्या आयुष्याबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल मात्र एकट्याचं 'नाही' पुरेसं असतं, आणि तिथे कारणही देण्याची गरज नाही.

आता कोर्ट. वाटणीचा दावा लावण्याचा हक्क तुम्हाला आहे. घराची तुकड्यांत वाटणी होण्यासारखी नसेल, तर १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेले लोक विक्री मागू शकतात, आणि तेव्हा उरलेल्यांना ठरलेल्या किमतीत तो हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. तुम्ही दोघं भाऊ मिळून निम्मे होता, म्हणजे दार उघडं आहे. पण अशा दाव्यांना वर्षानुवर्षं लागतात, तोवर मनाई हुकूम आला तर एक कौलही बदलता येणार नाही, आणि पाच दिवसांचा गणपती कुणाच्या घरात बसणार? हिस्सा परक्याला विकायची धमकी तर देऊच नका. राहत्या घरातला अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्याला आत येऊन राहायचा हक्क मिळत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक पडत्या भावानंच मागेल. कोर्टाचा रस्ता मी बंद करत नाही. एक वर्षभर वर सांगितल्याप्रमाणे प्रामाणिकपणे करून पाहा. त्यानंतरही कारण नाही, पर्याय नाही, बसून बोलायची तयारी नाही, असं झालं तर वकिलाकडे जा, आणि जाण्याआधी त्याला तसं सांगून जा. नोटीस पोस्टमननं हातात ठेवल्यावर कळणं, हे सख्ख्या भावाच्या वाट्याला येऊ नये.

पहिलं पाऊल तुम्ही टाकायचं आहे, कारण पत्र तुम्ही लिहिलंत. त्याला फोन करू नका, दोन ओळी लिहा, हातानं लिहिलंत तर फारच चांगलं: "२०१४ मध्ये मी सही केली नाही. मला कर्जाची भीती होती, पण तुझ्याशी बसून बोललो नाही. तेव्हा तुझ्या मनात काय योजना होती, ती मला आता ऐकायची आहे. विक्रीचा विषय मी वर्षभर काढणार नाही." शेवटचं वाक्य लिहिणं तुम्हाला जड जाईल, पण ते लिहाच, त्याशिवाय बाकीच्या वाक्यांवर त्याचा विश्वास बसणार नाही. आणि लिहिलंत की पाळा.

मागच्या पडवीसाठी मात्र या सगळ्याची वाट पाहू नका. पाऊस सात जूनच्या आसपास दाराशी असेल. खचलेल्या वाशांना टेकू देणं, फुटकी कौलं बदलणं, ताडपत्री बांधणं यात कुणाचा होकार-नकार येत नाही. चौघांनी सारखे पैसे काढा, ताईनंही, तिला हिस्सेदार म्हणून विचारून. पैसे भावाच्या खात्यावर आधी पाठवा, बिलं मागून येऊ देत. आणि सुतार येईल त्या दोन दिवसांसाठी रजा टाकून तुम्ही स्वतः जा, भाऊ वर चढेल तेव्हा खालून कौलं हातात द्यायला कुणीतरी लागेलच.